फर्लांगाचा नियम

वाळवा तालुक्यात पाइपलाइन म्हटलं की आधी पाणी आठवतं. कृष्णेवरून उसाच्या फडापर्यंत नेलेल्या उपसा सिंचनाच्या नळ्या, त्यांची गळती, त्यापायी बांधावर होणारी भांडणं इथं कुणाला सांगायला नकोत. गॅसची नळी मात्र नवी. २०१८च्या नवव्या बोली फेरीत सातारा-सांगली हे शहरी गॅस वितरणाचं एक क्षेत्र भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीकडे गेलं. इस्लामपूर त्यातच येतं. नळीआधी तिचे नियम येतात, आणि त्यांचं कुळ फार लांबचं आहे.

लांब पल्ल्याच्या गॅसवाहिनीचा नियम असा : नळीच्या दोन्ही बाजूंना २०० मीटर आणि लांबीला १.६ किलोमीटर असा पट्टा धरायचा आणि त्यातली राहती घरं मोजायची. दहापर्यंत घरं असली तर पहिला वर्ग, ४६च्या आत दुसरा, त्यापुढे तिसरा, आणि बहुमजली इमारतींची दाटी असेल तिथे चौथा. पोलाद कायमचं ताणलं जाण्याची जी मर्यादा असते, तिच्या ७२ टक्क्यांपर्यंत ताण पहिल्या वर्गात चालतो. पुढे ६०, ५० आणि ४०. थोडक्यात, वस्ती दाट तशी नळी जाड, नाहीतर दाब कमी.

१.६ किलोमीटर हा आकडा कुणाला सुचला असेल? कुणालाच नाही. तो मैल आहे. २०० मीटर म्हणजे २२० यार्ड, अर्थात एक फर्लांग. जुन्या इंग्लंडात बैल न थांबवता एका दमात जेवढं तास मारता येई, तेवढी ही लांबी. आपल्या जुन्या रस्त्यांवरचे फर्लांगाचे दगड इतिहासजमा झाले, पण नांगराचं ते माप मीटरचा सदरा घालून सुरक्षेच्या नियमात टिकून आहे.

७२ टक्क्यांची गोष्टही अशीच. कारखान्यात नळीची चाचणी त्या मर्यादेच्या ९० टक्क्यांपर्यंत होई, आणि वापर चाचणीच्या दाबाच्या ८० टक्क्यांवर ठेवायचा असा अमेरिकी अभियंत्यांचा प्रघात होता. नव्वदाचे ऐंशी टक्के, बहात्तर. कागदावर गणित, मुळात सवय. घरं मोजण्याची पद्धत त्यांच्या १९५५च्या संहितेत आली. ती पाळणं तेव्हा बहुतांशी कंपनीच्या मर्जीवर होतं. ४ मार्च १९६५ला लुइझियानातल्या नॅकटिशजवळ वाहिनी फुटून १७ माणसं गेली आणि १९६८मध्ये तिथं केंद्रीय कायदा झाला. गॅसला वास देण्याची सक्ती त्याआधीची. १९३७मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला गॅस साठून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. हवेत स्फोटाला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या एक पंचमांशावरच वास आला पाहिजे, हा आपल्याकडचा दंडकही त्याच वंशातला.

भारतात मात्र सुरुवात नळीच्या ताकदीपासून झाली नाही, जमिनीपासून झाली. १९६२च्या पाइपलाइन कायद्यानं सरकार जमीन घेत नाही, फक्त वापराचा हक्क घेतं. मालकी शेतकऱ्याची राहते, पीकही घेता येतं, पण हक्क घेतलेल्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड नाही. मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. हा दर वाळव्यातल्या बागायतदाराला पटवून सांगणं अवघड, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटत नाही. सुरक्षेचे तांत्रिक नियम आले ते थेट २००६च्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायद्यानंतर : शहरी जाळ्यासाठी २००८मध्ये, लांब पल्ल्याच्या वाहिन्यांसाठी २००९मध्ये.

इथंच वाचण्यात घोळ होऊ शकतो. १९६२चा कायदा बांधकाम अडवतो, पण फक्त घेतलेल्या अरुंद पट्ट्यात. २०० मीटरचा नियम कुणाचंही घर अडवत नाही, तो कंपनीला घरं मोजायला लावतो. ‘नळी गेली, आता फर्लांगभर प्लॉट पडणार नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर त्यानं दोन नियमांची सरमिसळ केली. पण उलट बाजूही आहे. पेठ नाक्याकडच्या उसाच्या रानासारख्या पट्ट्यात एनए प्लॉट पडून वस्ती वाढली, तर नळीचा वर्ग बदलतो. तेव्हा दाब उतरवणं, नळी पुन्हा तपासणं किंवा बदलणं, हे कंपनीचं काम.

आणि नुसती घरं मोजून भागत नाही, नळीही तपासत राहावी लागते. २७ जून २०१४ला आंध्रातल्या नगरम गावात वाहिनी फुटली, वीसहून अधिक माणसं गेली. कोरड्या गॅसच्या नळीतून ओला गॅस जात होता आणि ती आतून गंजली होती. २००९चे नियम तेव्हा लागू होते.

इस्लामपूरच्या गल्लीत येते ती कमी दाबाची प्लास्टिकची नळी. तिला ७२ टक्क्यांचं गणित लागू नाही, आणि ती गंजतही नाही. तिला भीती जेसीबीची. त्यासाठी २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आलं : खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारायचं. पाण्याची नळी फुटली की जेसीबीवाला ट्यूब गुंडाळून मोकळा होतो. गॅसच्या नळीशी तो तसंच वागणार नाही, याची हमी नुसत्या संहितेनं मिळत नाही. ती पालिकेच्या खोदाई परवान्यात घालावी लागेल.