चहाडखोर घड्याळाची गोष्ट

वर्गात हजेरी घेताना आपण एकेक नाव पुकारतो. मूल 'हजर' म्हणते, आपण खूण करतो. उत्तर आले नाही तर त्या चौकटीत 'गै' लिहितो. हे इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यातली एक गंमत आपल्या लक्षातच येत नाही. 'मी हजर आहे' हे मूल स्वतः सांगते. 'मी गैरहजर आहे' हे मात्र कोणीच सांगत नाही. ते आपल्याला कळते, कारण त्याचे नाव हजेरीपटात आधीपासून लिहिलेले असते. कोरा कागद घेऊन दाराशी बसलो आणि येईल त्याचे नाव लिहीत गेलो, तर कोण आले ते समजेल. कोण आले नाही, ते त्या कागदावरून कधीच समजणार नाही.

आज पुष्कळ कचेऱ्यांत व कारखान्यांत हजेरीचे यंत्र असते. येताना वा जाताना कर्मचाऱ्याने त्यावर बोट टेकवले नाही किंवा कार्ड दाखवले नाही, तर थोड्याच वेळात त्याच्या व त्याच्या वरिष्ठाच्या फोनवर संदेश येतो: अमुक वेळेची नोंद आढळली नाही. ही करामत संगणकाची, असे आपण धरून चालतो. पण न घडलेली गोष्ट यंत्राने टिपण्याची युक्ती सुमारे पावणेतीनशे वर्षे जुनी आहे.

इंग्लंडमधील डर्बी गावी जॉन व्हाइटहर्स्ट (१७१३–१७८८) नावाचे घड्याळजी होते. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना ते वेगळ्याच कारणासाठी माहीत असतात. पृथ्वीच्या घडणीविषयी त्यांनी १७७८ साली ग्रंथ लिहिला होता. १७५० च्या सुमारास त्यांनी रात्रीच्या पहारेकऱ्यासाठी एक घड्याळ बनवले. कारखान्यात रात्री आग लागण्याची व चोरीची धास्ती असे. पहारेकऱ्याने ठरावीक वेळी गस्त घालायची. पण तो खरोखर फिरला की कोपऱ्यात घोंगडी पांघरून झोपला, हे मालकाला कसे कळावे?

व्हाइटहर्स्टच्या पद्धतीच्या घड्याळात फिरत्या चकतीच्या कडेने खुंट्या बसवलेल्या असत, उदाहरणार्थ दर पाव तासाला एक. पहारेकरी तिथे पोचला की त्याने साखळी ओढायची किंवा दट्ट्या दाबायचा. त्याने एक खुंटी आत जाई. दट्ट्याखाली त्या वेळी जी खुंटी आली असेल तीच आत जाणार. पुढची अजून आलेली नाही, मागची निघून गेली. म्हणजे दोन वाजताची गस्त चुकली, तर ती अडीच वाजता भरून काढता येत नसे. सकाळी मालक येऊन पाही. दोनची खुंटी बाहेरच राहिलेली दिसली, की त्या वेळी पहारेकरी तिथे नव्हता. काही तासांनंतर चकती फिरता फिरता एका उतरत्या पट्टीवरून जाई व खुंट्या आपोआप पुन्हा बाहेर येत. इंग्रजीत याला 'टेल-टेल' घड्याळ म्हणत; आपण चहाडखोर म्हणू. संगणकाचा पूर्वज ज्याने कल्पिला त्या चार्ल्स बॅबेजने १८३२ च्या आपल्या यंत्रोद्योगविषयक ग्रंथात अशा घड्याळाची आवर्जून दखल घेतली आहे.

यात खुबी कोठे आहे? बाहेर आलेली खुंटी म्हणजे 'या वेळी कोणीतरी यायचे आहे' ही अपेक्षा. ती लाकडा-पितळेत आधीच घडवून ठेवलेली आहे. हजेरीपटातील नावासारखीच. अपेक्षा नसेल तर अनुपस्थिती टिपता येत नाही.

या घड्याळाची चहाडी सकाळी कळे, रात्रीच्या रात्री नव्हे. ती उणीव तारेने भरून काढली. अमेरिकेत १८७४ साली सुरू झालेल्या अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफसारख्या कंपन्यांच्या सेवेत पहारेकरी गस्तीच्या प्रत्येक ठिकाणाहून मध्यवर्ती कचेरीला संकेत पाठवू लागला. ठरल्या वेळी संकेत आला नाही, तर कचेरीतून माणूस पाहायला जाई. कारण पहारेकरी झोपलेला असेल किंवा त्याला कोणी बांधून ठेवलेले असेल. चुकलेल्या नोंदीची तातडीची सूचना ती हीच. आणि हेही लक्षात घ्यावे, की संकेत न येण्याचा अर्थ तिथे 'जाऊन पाहा' असा होता. (आजच्या सूक्ष्मप्रक्रियकातही 'वॉचडॉग टायमर' असतो. चालू कार्यक्रमाने त्याला ठरल्या अवधीत थोपटले नाही, तर तो यंत्रणा पुन्हा सुरू करतो. नाव अगदी शोभून दिसते.)

कारखान्यातील कामगारांची वेळ छापणारी यंत्रे आली ती १८८८ नंतर. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील जवाहिरे विलर्ड बंडी यांच्या यंत्रात प्रत्येक कामगाराला स्वतःच्या क्रमांकाची किल्ली असे. किल्ली फिरवली की कागदाच्या पट्टीवर क्रमांक व वेळ उमटे. पण हा आपला मघाचा कोरा कागद! जो आला तो छापला गेला. न आलेला शोधायला कारकुनाला सगळी पट्टी पटाशी ताडून पाहावी लागे. अलेक्झांडर डे यांच्या यंत्रात मोठ्या चाकाच्या कडेवर क्रमांकांची भोके होती व आत रकाने पाडलेला तक्ता. प्रत्येकाचा रकाना ठरलेला, त्यामुळे रिकामा रकाना नजरेत भरे. १८९४ साली डॅनियल कूपर यांनी आणलेल्या कार्डाच्या यंत्रात तर कागद वाचायचीही गरज उरली नाही. दाराजवळ दोन फळ्या, एक 'आत' आणि एक 'बाहेर'. काम सुरू झाल्यावरही जे कार्ड 'बाहेर'च्या फळीवर दिसेल, त्या माणसाचा खाडा. या यंत्रांचे धंदे एकत्र येत गेले, १९११ साली त्यांची एक मोठी कंपनी झाली आणि १९२४ मध्ये तिने आयबीएम हे नाव घेतले. संगणकाच्या या विख्यात कंपनीच्या मुळाशी हजेरीचे घड्याळही आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

आपल्याकडे मुंबईच्या कापड गिरण्यांत हे काम दीर्घकाळ माणसेच करीत. भोंगा झाल्यावर कोणता साचा मोकळा आहे हे जॉबर पाही आणि फाटकाशी ताटकळत असलेल्या बदली कामगारांतून त्या जागी माणूस घेई. एकाचा खाडा ही दुसऱ्याची रोजी. त्या निवडीत जॉबरचा वशिला व चिरीमिरी फार चाले, म्हणून १९३५ साली मालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली.

१९७९ मध्ये क्रोनोस या अमेरिकन कंपनीने सूक्ष्मप्रक्रियक असलेले हजेरीचे घड्याळ आणले. आता कारकुनाची ताडून पाहण्याची मेहनत यंत्राकडे गेली. यंत्राजवळ दोन याद्या: कोणी केव्हा यायचे, आणि कोण केव्हा आले. पहिलीत आहे पण दुसरीत नाही, ते वेगळे काढायचे. गणितात आपण संचांची वजाबाकी शिकवतो, तीच ही. पुढे ही वजाबाकी दिवसाअखेरीऐवजी क्षणोक्षणी होऊ लागली व उत्तर फोनवर जाऊ लागले.

पण या वजाबाकीतून नेमके काय मिळते? पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत एखाद्या दिवशी ०.० लिहिलेले असते, एखादी चौकट रिकामी असते. पहिल्याचा अर्थ पाऊस पडला नाही. दुसरीचा अर्थ कोणी मोजला नाही. रिकाम्या चौकटीत शून्य भरून बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही रागावतो. हजेरीच्या यंत्राला फक्त रिकामी चौकट दिसते. माणूस नव्हता, की होता पण नोंद झाली नाही, हे त्याला ठाऊक नसते. त्या चौकटीत शून्य भरायचे की नाही, हा निर्णय यंत्राबाहेरचा आहे.

अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने कामाच्या तासांची नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मिशिगनमधील माउंट क्लेमेन्स येथील भांड्यांच्या कारखान्यात कामगार घड्याळात कार्ड छापून कामाच्या जागेपर्यंत चालत जात. पगार मात्र पुढच्या पाव तासापासून धरला जाई. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४६ मध्ये न्यायालयाने म्हटले, की मालकाची नोंद अपुरी असेल तर त्याचा भुर्दंड कामगाराला बसता कामा नये. त्याने वाजवी पुरावा द्यावा, मग तो खोडणे हे मालकाचे काम. चालण्याच्या वेळेचा पगार पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने बहुतांशी काढून घेतला, नोंदीविषयीचे तत्त्व मात्र टिकले.

आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीपासून राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या सर्व सार्वजनिक कामांवर फोनमधील अ‍ॅपने दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह फोटो काढून हजेरी नोंदवणे सक्तीचे झाले. माती खणून झाली, पण टेकडीआड रेंज नाही, फोटो चढला नाही, म्हणून मजुरी बुडाली, अशा तक्रारी मजुरांनी केल्या. त्या फेब्रुवारीपासून दिल्लीत जंतरमंतरवर त्यांनी धरणेही धरले. पाण्याने, सिमेंटने वा कुदळीने ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यांची अडचण बोटाच्या यंत्रापुढे अशीच होते.

आमच्या परिचयाच्या एका प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई आहेत. वर्षानुवर्षे साबण आणि आम्लात हात घालून त्यांची बोटे गुळगुळीत झाली आहेत. यंत्र त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा ओळखत नाही आणि संध्याकाळी फोनवर इंग्रजीतून सूचना येते. ती त्यांना वाचता येत नाही. मुलगा घरी आला की वाचून दाखवतो. मग दुसऱ्या दिवशी खुलाशाचा अर्ज, त्यावर कोणाची तरी सही. हल्ली घरी जाण्यापूर्वी त्या आमच्या दाराशी क्षणभर थांबतात. "सर, निघाले हं," म्हणतात. आम्ही घड्याळाकडे पाहतो आणि टेबलावरच्या वहीत वेळ लिहून ठेवतो.