खुब्याच्या उखळीचा अस्थिभंग

श्रोणीच्या हाडातील ज्या खोलगट वाटीत मांडीच्या हाडाचा गोल माथा बसतो, त्या वाटीच्या भंगास खुब्याच्या उखळीचा अस्थिभंग म्हणतात. वैद्यकात या वाटीला ॲसिटॅब्युलम हे नाव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, लहान वाटी असा होतो. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘उखळीचा सांधा’ म्हणताना घरातलेच दुसरे भांडे निवडले. वृद्धांमध्ये ‘खुबा मोडला’ असे जे म्हटले जाते, तो बहुधा मांडीच्या हाडाच्या मानेचा किंवा त्याखालच्या भागाचा भंग असतो. उखळीचा भंग त्याहून विरळ व निदानास अवघड असतो.

== कारणे ==

तरुणांमध्ये हा भंग मुख्यतः वेगवान वाहनांच्या अपघातात होतो. मोटारीत बसलेल्याचा गुडघा पुढच्या फळीवर आदळला की आघात मांडीच्या हाडातून थेट उखळीच्या मागील भिंतीवर पोहोचतो. माथा त्याच वेळी मागे निखळल्यास पाय आखूड होऊन आत वळलेला दिसतो. वृद्धांमध्ये साध्या पडण्यानेही उखळ भंगते. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा द्रुतगती मार्गालगतच्या रुग्णालयांना या दुखापतीची ओळख असणे आवश्यक ठरते.

== प्रतिमांकन ==

उखळ तिरकी बसलेली असल्याने समोरून काढलेल्या एकाच क्ष-किरण चित्रात तिच्या पुढच्या व मागच्या कडा एकमेकींवर येतात. म्हणून श्रोणीच्या समोरील चित्रासोबत रुग्णाला ४५ अंश कलवून आणखी दोन चित्रे घेतात. त्यांना जुडे चित्रे म्हणतात. दुखावलेली बाजू वर उचलली असता पुढचा स्तंभ व मागची भिंत स्पष्ट दिसते. निरोगी बाजू उचलली असता मागचा स्तंभ, पुढची भिंत आणि इलियम हाडाचे रुंद पाते दिसते. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. साधे क्ष-किरण यंत्र असलेल्या ग्रामीण रुग्णालयातही ही चित्रे घेता येतात. मात्र रुग्णाची प्रकृती स्थिर हवी आणि त्याला वळवताना आधार द्यायला हवा.

समोरील चित्रात सहा खुणा तपासतात: पुढच्या स्तंभाची रेषा, मागच्या स्तंभाची रेषा, उखळीचे छत, अश्रुबिंदूसारखी आकृती, पुढची कड आणि मागची कड. पुढच्या स्तंभाची रेषा तुटलेली व मागची अखंड असेल तर भंग पुढच्या भागात आहे, असे मानतात.

सीटी स्कॅनमध्ये सांध्यात अडकलेले हाडाचे तुकडे आणि दबलेला पृष्ठभाग दिसतो, जो साध्या चित्रात सहज सुटतो. आडव्या छेदांवरील सीटी चित्र नवशिक्याला गोंधळात टाकते: आडव्या भंगाची रेषा त्यात पुढून मागे गेलेली दिसते, तर स्तंभभंगाची रेषा डावी-उजवीकडे जाते.

== वर्गीकरण ==

आजही प्रचलित असलेले वर्गीकरण फ्रान्समधील रोबेर जुडे, जाँ जुडे आणि एमिल लेतुर्नेल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. उखळ दोन स्तंभांच्या कमानीत, उलट्या ‘वाय’ अक्षराच्या दुबेळक्यात, धरलेली आहे ही त्यामागची मूळ कल्पना. पाच प्रकार साधे आहेत: मागची भिंत, मागचा स्तंभ, पुढची भिंत, पुढचा स्तंभ व आडवा भंग. पाच मिश्र आहेत: ‘टी’ आकाराचा; मागचा स्तंभ व मागची भिंत; आडवा भंग व मागची भिंत; पुढचा स्तंभ किंवा भिंत आणि मागचा अर्धा-आडवा; आणि दोन्ही स्तंभांचा. यांपैकी मागच्या भिंतीचा भंग सर्वाधिक आढळतो.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक अशी की आडवा भंग दोन्ही स्तंभ छेदतो म्हणून त्याला ‘दोन्ही स्तंभांचा’ म्हटले जाते. आडव्या भंगात सांध्याच्या छताचा काही भाग इलियमला, पर्यायाने पाठीच्या कण्याला, जोडलेला राहतो. दोन्ही स्तंभांच्या भंगात सांध्याचा एकही भाग असा जोडलेला उरत नाही. इलियमचे उरलेले टोक तेव्हा काट्यासारखे बाहेर आलेले दिसते.

== उपयोग ==

शस्त्रक्रिया पुढून करायची की मागून, हे मुख्यतः प्रकारावरून ठरते. छताखालचा भार पेलणारा पृष्ठभाग २ मिलिमीटरपेक्षा अधिक सरकलेला असल्यास सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. निखळलेला माथा मात्र त्यासाठी थांबवून ठेवत नाहीत. शक्यतो ६ तासांच्या आत तो भूल देऊन बसवतात, कारण विलंबाने माथ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होऊ शकते. त्याआधी पाऊल वर उचलता येते का हे नोंदवतात. न उचलल्यास पायाच्या मोठ्या शिरेला, म्हणजे सायटिक मज्जातंतूला, इजा झाल्याचा संशय घेतात. घरगुती मालीश किंवा हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे येथे धोक्याचे आहे.

जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लोकभाषेत ‘घाटी’त, मराठवाड्यातील अनेक गंभीर रुग्ण पाठवले जातात. उखळीच्या भंगात सुमारे तीन आठवड्यांनंतर तुकडे चुकीच्या जागी सांधू लागतात आणि ते अचूक जुळवणे फार कठीण होते.