शिवेवरचे पाणी

पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या दरम्यान, लोहमार्गाच्या कडेला चुडावा हे गाव आहे. परभणी जिल्ह्याची हद्द येथून हाकेच्या अंतरावर नसली तरी फार दूरही नाही. दक्षिणेकडे गोदावरी, पश्चिमेकडे तालुक्यास आपले नाव देऊन पुढे गोदेस मिळणारी पूर्णा, आणि या दोन नद्यांच्या बेचक्यात पसरलेली खोल काळी जमीन, असा हा मुलूख. आषाढात ही जमीन फुगते, पाणी पोटात घेते आणि घेऊन झाले की अंगावर तसेच धरून ठेवते. वैशाखात तीच जमीन अशी भेगाळते की गुराचा खूर भेगेत अडकावा. त्यामुळे या भागातील पाणथळ ही कोकणातल्या खाजणासारखी बारमाही, नकाशावर निळी दाखवता येईल अशी वस्तू नाही. ती चार-पाच महिने असते आणि उरलेले महिने नुसती आठवण म्हणून असते, आणि ज्या वस्तूचे अस्तित्व असे हंगामी, तिची हद्द कायम करणे कोणत्याही राजवटीस जड गेल्याशिवाय राहिले नाही.

ही पाणथळ बहुधा कोठे सापडते, तर शिवेवर. दोन गावांमधील शीव पुष्कळदा ओढ्याच्या किंवा लवणाच्या तळातून जाते, कारण पांढरी उंचवट्यावर वसते, काळी तिच्याभोवती पसरते, आणि जेथे नांगर रुतू लागतो तेथे दोन्ही गावांचा उत्साह एकदमच संपतो. लव्हाळा, पाणकणीस, कडेने बाभळी, मधूनच टिटवीचा कलकलाट, आणि दोन्ही गावांची गुरे पाण्यावर येण्याची वहिवाट, एवढे साहित्य एकत्र दिसले की तेथे शिवेचा दगड जवळपास असावा असे खुशाल समजावे. हा योगायोग नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमाविवादाचे जे प्रकरण आहे त्यात सीमासंधीवर तळी, विहिरी, झरे आणि देवालये असावीत असे सांगितले आहे, वड-पिंपळांसारखे दीर्घायुषी वृक्ष लावावेत असे सांगितले आहे, आणि कोणी लबाडीने वरच्या खुणा हलवल्या तर उपयोगी पडाव्यात म्हणून कोळसे, खापऱ्या, हाडे, कोंडा, राख असल्या सहज न कुजणाऱ्या जिनसा भुईत पुरून ठेवण्याचीही तरतूद आहे. पाणी हे सीमेचे चिन्ह होते. म्हणून सीमा राखणारा पाणी राखत होता, पाण्यावर त्याचे प्रेम असो वा नसो.

त्याच प्रकरणातील दोन गोष्टी मला विशेष विचारात पाडतात. पहिली अशी की सीमेचा निर्णय ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण तेव्हा गवत सुकून खुणा उघड्या पडलेल्या असतात. दुसरी अशी की आसपासच्या गावांतील जाणती माणसे साक्षीस मिळाली नाहीत तर व्याध, फासेपारध करून पक्षी धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, गारुडी आणि सांडलेले धान्य वेचून पोट भरणारे यांना विचारावे. ही यादी शांतपणे वाचली म्हणजे लक्षात येते की ही सगळी माणसे जमीन कसणारी नाहीत. जेथे शेत संपते तेथे त्यांचा व्यवसाय सुरू होतो. स्मृतिकारांना त्यांच्याविषयी कळवळा होता असे म्हणण्यास आधार नाही, परंतु पाणथळीचा काठ कोणास ठाऊक असतो हे मात्र त्यांस नेमके ठाऊक होते.

दख्खनच्या सुलतानी आणि मराठी अमलांत हेच तत्त्व गोतसभेच्या रूपाने नांदले. शिवेचा तंटा उद्भवला म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार जमत, वादी-प्रतिवादींचे करीने आणि तकरिरा लिहून घेत, साक्षीदारांचे जाबजबाब होत आणि शेवटी महजर तयार होई, ज्यावर लिहिता न येणाऱ्यांची निशाणी उमटे, कुणब्याचा नांगर, सुताराचे हत्यार, महाराचा दोर. शिवेच्या वादात महाराच्या शब्दास मोठे वजन असे, कारण वेसकरी आणि शिवेची राखण त्याच्याकडे होती. डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन तो ज्या रेषेवरून चालला ती शीव, असा रिवाज ठिकठिकाणी होता. ज्याला गावात शिवून घ्यायची तयारी नव्हती त्याच्याच पावलांवर गावाची अब्रू आणि मालकी टांगलेली असे, ही विसंगती त्या काळाने निमूटपणे पचवली. आपण ती पचवण्याचे कारण नाही. एवढ्यानेही वाद न मिटला तर दिव्य होई, आणि रवा दिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या पद्धतीचा साक्षेपी परामर्श घेतला आहे. निवाडपत्र हाती पडल्यावर जिंकणाऱ्याने हरकी द्यायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे सरकार दोहोंकडून वसूल करी. आजच्या मोजणीच्या फीविषयी कुरकुर करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

चुडाव्याचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. तेथे १८६५ साली दिवाण सालारजंगाने जिलाबंदी केली आणि जहागिरी, सर्फ-ए-खास व दिवाणी मुलूख यांची गुंतागुंत कायम ठेवूनही दिवाणी भागात अव्वल तालुकदार, तहसीलदार, गिरदावर आणि पटवारी अशी उतरंड उभी राहिली. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि शीव माणसाच्या पावलांतून उतरून साखळीवर आली. ही साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांस आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मोजणीदार शेताच्या टोकाटोकांतून आधाररेषा टाकी, तीवरून धुऱ्यांच्या वळणांपर्यंत काटकोनात अंतरे घेई आणि साखळी-आण्यांचे ते आकडे टिपणात उतरवी. हाताने काढलेले, प्रमाणाबाहेरचे, कोठे शाई पसरलेले हे टिपण आजही हद्दीच्या वादातील सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. न्यायालयात ते उलटत नाही आणि त्यास कोणी चहा पाजून वळवू शकत नाही.

परंतु या विश्वासू साक्षीदारास एक व्यंग आहे. मोजणीचा हंगाम कोरडा. पिके निघाल्यावर, चिखल वाळल्यावर साखळी शिवारात येई, आणि पावसाळ्यात मोजणीदार कचेरीत बसून नकाशे पुरे करीत. मनूने ज्येष्ठ सांगितला, बंदोबस्ताने तोच पाळला. दोन शेतांमधील धुरा शोधण्यास यापरता योग्य काळ नाही. पण पाणथळ पाहण्यास यापरता अयोग्य काळही नाही. जेथे श्रावणात कमरेइतके पाणी असते तेथे मोजणीदारास भेगाळलेली काळी भुई दिसली, आणि त्याने प्रामाणिकपणे लिहिले ‘पोटखराब’. आकारणीपुरते ते खरे होते. ज्या भुईवर सारा नाही ती सरकारच्या दृष्टीने खराब, आणि खराब गोष्टीचे तपशील ठेवण्याची जरुरी कोणास वाटणार? हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीत, म्हणजे १९०७-०८ च्या सुमारास आला, दगड आणि वरुळ्या राखण्याचे कर्तव्य त्याने शब्दबद्ध केले. खराब्यातल्या पाण्याचे वर्णन मात्र दप्तरात शिरले नाही. शिवाय हे दप्तर उर्दूत. अलीकडे २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली तेव्हा त्या लिपी आपल्यापासून किती दूर गेल्या आहेत हे साऱ्या मराठवाड्यास दिसले. शिवेच्या वादातला खातेदार ते आधीपासून अनुभवीत होता.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आणि १९६० नंतर कायदे बदलत गेले, सर्वे नंबरांचे गट झाले, आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. गावांच्या, भूमापन क्रमांकांच्या व पोटहिश्शांच्या हद्दींचा वाद तिच्या कलम १३५ प्रमाणे महसूल अधिकाऱ्याने चौकशी करून मिटवावा, आणि बांधावरून जाण्या-येण्याचा हक्क तहसीलदाराने कलम १४३ खाली ठरवावा, अशी व्यवस्था आहे. व्यवहारात खातेदार भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करतो, लगतच्या खातेदारांस नोटिसा जातात, भूकरमापक येतो, खुणा होतात आणि ‘क’ प्रत हाती पडते. ज्यास ती मान्य नसते तो निमताना मोजणी मागतो. एवढे होईपर्यंत धुरा कोरणाऱ्याने आणखी दोन तास कोरून घेतलेले असतात, हे ज्याला ठाऊक नाही तो परभणी जिल्ह्यात शेती करीत नसावा.

याच दशकांत पाण्याचीच हद्द बदलली. पूर्णेवर येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले, सिद्धेश्वर धरणाहून कालवे निघाले, आणि कालव्याखालील काळ्या जमिनीत नवे पाणी मुरू लागले, ते खाली उतरेना आणि पुढे सरकेना. शेतकऱ्याच्या तोंडी अशा जमिनीस चिबड म्हणतात, आणि त्या शब्दात वैतागच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-कापूस घेतलेल्या रानात पाणकणीस उभे राहिले तर त्याचे स्वागत कोण करील? पुढे नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प झाला, त्याच्या शंकरसागर जलाशयाचा फुगवटा पूर्णा तालुक्याच्या बाजूस चढला, आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीवर कोणी पेरायचे हा नवा वाद जुन्या मळईच्या वादाच्या जागी येऊन बसला. म्हणजे एकीकडे शिवेवरची नैसर्गिक पाणथळ नांगराखाली जात होती, आणि दुसरीकडे माणसाने केलेली पाणथळ माणसालाच नकोशी होती.

पक्ष्यांनी मात्र हा भेद कधी मानला नाही, आणि कायद्याने तो नेमका मानला. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले ते याच गोदावरीवर, पार वरच्या अंगाला, नांदूर मधमेश्वर. ती पाणथळही बंधाऱ्याने केलेली. केंद्राने २०१७ साली पाणथळ संवर्धनाचे नियम काढले, राज्य प्राधिकरण झाले, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्या झाल्या. परंतु त्याच नियमांच्या व्याख्येने नदीची पात्रे, भातखाचरे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले. सर्वोच्च न्यायालयाने सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींस संरक्षण देण्याचा आदेश २०१७ मध्येच दिला होता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करून हद्दी आखण्यास राज्यांना सांगितले. चुडाव्यासारख्या गावच्या शिवेवरील लवण यांतील कोणत्या चाळणीतून उरते? नदीचे म्हणावे तर वगळले, कालव्याच्या पाझराचे म्हणावे तर वादात, आणि दोन्ही नव्हे असे ठरले तर आकाराने लहान. उरतो तो २०११ चा जगपाल सिंग खटल्याचा निकाल, ज्यात पंजाबातील एका गावतळ्यावरील अतिक्रमणाच्या निमित्ताने न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचे सर्व राज्यांस बजावले. लहान गावास तोच अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळतात. तेथे १९५७ च्या कायद्याने प्रत्येक नगरास स्वतःचा संवर्धन आयोग नेमता येतो, तीन ते सात स्थानिक रहिवाशांचा, बहुतेक बिनपगारी. आणि १९७२ च्या कायद्याखाली पाणथळीत किंवा तिच्या काठापासून शंभर फुटांच्या आत काही खोदायचे, भरायचे वा बांधायचे तर या शेजाऱ्यांपुढे उभे राहावे लागते. काठ ठरतो तो तेथे उगवणाऱ्या वनस्पतींवरून आणि मातीच्या रंगावरून, त्या दिवशी पाणी आहे की नाही यावरून नव्हे. याच राज्यात नगरांच्या कारभाऱ्यांनी दर पाच वर्षांनी आपली शीव पायी चालून दगड तपासावेत असा जुना नियमही आहे. आपल्याकडील समिती जिल्ह्याच्या ठिकाणी भरते, आणि तीत ज्याची गुरे त्या पाण्यावर जातात तो नसतो. तेथील पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी सुचवीत नाही. जेथे एकरभर जमिनीवर एका कुटुंबाचे पोट आहे तेथे शंभर फुटांचा पट्टा सोडा म्हणणे ही चैन आहे. पण लव्हाळा आणि पाणकणीस कोठपर्यंत जातात हे पाहून रेघ ओढण्यास तर काही खर्च येत नाही.

रोव्हर यंत्राने आता मोजणी तासाभरात होते आणि उपग्रहाशी जोडलेली असल्यामुळे तिच्यात साखळीची ढिलाई राहत नाही. तेव्हा शेताच्या हद्दी ज्येष्ठात मोजाव्यात, पाणथळीची मात्र भाद्रपदात, पंचनाम्यावर गावातील गुराखी आणि मासे धरणारा भोई यांच्या सह्या घेऊन. सातबाराच्या बाराव्या नमुन्यात लागवडीस उपलब्ध नसलेल्या जमिनीचे ‘स्वरूप’ लिहिण्याचा एक रकाना आहे. त्यात तलाठी, आता ज्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात तो, वर्षानुवर्षे ‘पड’ किंवा ‘पोटखराब’ लिहून मोकळा होतो. भाद्रपदातल्या त्या पंचनाम्यावरून त्याने तेथे पाण्याची नोंद घेतली, तर पुढच्या वादात तिचा आधार घेता येईल.