सासरी गेलेल्या साकी-दिंडी

चेन्नईत हरिकथेला जाऊन बसलेला मराठी माणूस आधी तमिळ ऐकू येणार म्हणून बिचकतो. उभे भागवतर, म्हणजे कथा सांगणारे, हातात चिपळ्या, मागे मृदंगम्. सुरुवातीला पंचपदी होते, मग विषय मांडला जातो आणि त्याला तिथे म्हणतात ‘निरूपणम्’. कथा रंगात आली की भागवतर मध्येच एक चाल उचलतात. शेजारच्या जाणकाराला तिचे नाव विचारले तर तो सहज सांगतो, ‘साकी’. पुढची ‘दिंडी’. मग ओवी, अभंग. आपल्या घरची माणसे परक्या गावात भेटावीत, तसे होते.

ही माणसे तिथे गेली कशी? सरळ उत्तर म्हणजे व्यंकोजीराजे. शिवाजीमहाराजांच्या या सावत्र भावाने 1670च्या दशकात तंजावर घेतले, आणि भोसल्यांचे राज्य तिथे 1855पर्यंत टिकले. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांनी तंजावरात मठ केला. दरबारात मराठी होती, तेलुगू होती, संस्कृत होती, गावात तमिळ. तंजावरच्या शहाजीराजांसारखे राजे स्वतः नाटके लिहीत. कीर्तन या साऱ्यात वाढले असणारच.

तरी हरिकथेचे आजचे रूप राजवाड्यात घडले नाही, आणि मला तेच अधिक गमतीचे वाटते. तंजावरचे दुसरे शिवाजीराजे 1855 साली निपुत्रिक वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केले. त्यानंतर, 1860च्या दशकात, मोरगावकर बुवा म्हणून ओळखले जाणारे कीर्तनकार रामचंद्रबुवा तंजावरला आले, चातुर्मासात राहिले आणि कीर्तने केली. तमिळ मुलखात कथा सांगण्याची रीत होतीच, तिला ‘कालक्षेपम्’ म्हणत. (आपल्याकडे ‘कालक्षेप’ म्हणजे नुसता वेळ काढणे, तिकडे तो सत्कारणी लावणे. शब्दाचे नशीब!) बुवांनी दाखवली ती कथेची बांधणी: गद्य कुठे थांबवायचे, पद्य कुठे घ्यायचे, लढाईला कोणते वृत्त आणि विलापाला कोणते. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ही बांधणी उचलली आणि तिच्यात कर्नाटक संगीत भरले. 1903 साली ते वारले तेव्हा हरिकथा ही स्वतंत्र कला म्हणून उभी होती. पुढे सी. सरस्वतीबाईंनी ती सांगायला घेतली, तेव्हा बाईने कथा सांगावी का, यावरून विरोध झाला. त्या बधल्या नाहीत.

आता खरी गोष्ट. साकी आणि दिंडी ही आपल्याकडे मात्रावृत्ते. साकीच्या ओळीत 28 मात्रा, सोळांनंतर यती. दिंडीत 19, नऊ आणि दहा. शाळेत लघु-गुरूंच्या खुणा करत हे शिकवले जाई. चाल असते, पण वहीत पहिला मान मोजणीला. तमिळ छंदशास्त्राचा हिशेब निराळा, तो ‘असै’ नावाच्या अक्षरगटांवर चालतो. त्यामुळे कावेरीकाठी मोजणी फारशी कामाची राहिली नाही. कानात उरली ती चाल. तमिळमध्ये चालीला ‘मेट्टु’ म्हणतात, आणि साकी तिथे मेट्टु झाली. त्या चालीत तमिळ शब्द बसले, तेलुगू बसले, संस्कृतही. इथे वृत्ताचे नाव असलेला शब्द तिथे सुरावटीचे नाव झाला. याला कोणी बिघाड म्हणेल. मी म्हणणार नाही. वृत्ते मुळात गाण्यासाठीच होती, वही नंतर आली.

त्याच काळात इकडेही या वृत्तांनी एक घर बदलले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880च्या ‘शाकुंतल’मध्ये साक्या-दिंड्या रंगभूमीवर चढल्या. म्हणजे कीर्तनाच्या दोन लेकी, एक पुण्याच्या नाटकमंडळीत, दुसरी तंजावरच्या भागवतरांकडे. पुण्याची थोरली मिजाशीत वाढली, पुढे ख्यालाच्या अंगाची पदे आली आणि तिला कोपऱ्यात बसावे लागले. आज नारदीय कीर्तन आणि जुन्या नाटकांचे प्रयोग सोडले तर साकी कानावर पडत नाही. धाकटी अजून राबते आहे.

सासरी गेल्यावर नावाचे जे व्हायचे ते मात्र झालेच. तमिळ लिपीत ‘त’ आणि ‘द’ यांना एकच अक्षर. त्यामुळे ‘दिंडी’ जशी लिहितात, तसाच ‘तिंडी’ हा शब्दही लिहितात, आणि तिंडी म्हणजे खायचे जिन्नस. हरिकथेच्या छापील तमिळ पुस्तकात पदाच्या डोक्यावर हा शब्द दिसला, की नवखा वाचक इथे फराळ कसा आला म्हणून चक्रावू शकतो. भागवतर चक्रावत नाहीत. ते चिपळी वाजवतात आणि चाल सुरू करतात.