कानाचे माप

वजनाला शेर होता, लांबीला हात होता. आवाजाला मात्र शतकानुशतके माप नव्हते. ते माणसाला कसे सापडले, हे आम्ही आज चंदगडकर श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. कारण आपल्याकडे ज्याला 'डॉल्बी' म्हणतात, त्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचा वाद अखेर या मापापाशीच येऊन ठेपतो.

मापाचा जन्म टेलिफोनच्या धंद्यातला. लांब तारेतून जाताना आवाज किती क्षीण झाला, हे अमेरिकेतील इंजिनियर पूर्वी तारेच्या मैलांत सांगत. १९२० नंतरच्या दशकात त्याऐवजी नवे एकक आले आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हणू लागले. हे माप बेरजेने नव्हे, गुणाकाराने चढते. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते, वीस वाढले की शंभरपट. कानाला मात्र दहाची वाढ सुमारे दुप्पटच भासते. शून्य डेसिबल म्हणजे निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा मध्यम पट्टीचा स्वर.

पण सगळ्या पट्ट्यांना कान सारखा न्याय देत नाही. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी माणसांना कानाशी लावलेल्या रिसीव्हरमधून उंच-खालचे स्वर ऐकविले व कोणते सारखेच मोठे वाटतात ते विचारले. आढळले असे की, हळू आवाजातला खर्ज कानाला फार कमी ऐकू येतो. आवाज चढला की ही उणीव भरून निघू लागते. पुढे ध्वनिमापकाला जी 'ए' मोजणी बसविली, ती हळू आवाजाच्या आलेखाला धरून.

आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी हीच मोजणी स्वीकारली. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल.

ग्यानबाची मेख येथेच आहे. ५० हर्ट्झच्या खर्जातून 'ए' मोजणी सुमारे ३० डेसिबल वजा करते. कुजबुजीला ही सूट रास्त. पण खिडक्यांची तावदाने हलविणाऱ्या दणक्याला कान स्वतः एवढी सूट देत नाही. शिवाय खर्ज भिंतीतूनही आत शिरतो. 'सी' नावाच्या मोजणीत ही वजाबाकी जवळजवळ नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर लपलेला खर्ज उघडा पडतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : आकडा जरूर मागावा, पण तो कोणत्या मोजणीचा, हेही विचारावे. माप कानासाठी आहे, कान मापासाठी नाही.