कचेरीतील हिरवळ आणि पाणी घालणारे हात

वऱ्हाडच्या आग्नेय भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीच्या पठारावर वसलेल्या यवतमाळ शहराची हवा खालच्या पायनघाटाच्या मानाने काहीशी सौम्य असली, तरी चैत्राचा उत्तरार्ध लागल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत या जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतून जो कोरडा, तापलेला वारा वाहत असतो, तो माणसाप्रमाणे झाडाचीही परीक्षा पाहतो. अशा मुलखात चार भिंतींच्या आत बसून कागदपत्रांचे काम करणाऱ्या माणसाने आपल्या सन्निध काही हिरवे असावे अशी इच्छा का धरली, ती कोणाच्या श्रमांवर पुरी केली आणि आज ती पुरी करताना कोणता विवेक राखला पाहिजे, याचा विचार करू लागले म्हणजे कचेरीतील झाडांचा इतिहास हा मुख्यतः पाण्याचा आणि ते पाणी घालणाऱ्या माणसांचा इतिहास आहे, हे ध्यानात येते.

1596 साली अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड मोगलांच्या स्वाधीन केले. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची, म्हणजे महसुली विभागांची, जी मोजदाद आहे, तीत आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचे सरकार आहे आणि योत-लोहारा हा महालही आहे. ज्या ग्रंथाने या मुलखाचा वसूल लिहून ठेवला, त्याच ग्रंथात अबुल फझलने वाळ्याचाही उल्लेख केला आहे: बांबूच्या चौकटींवर वाळ्याची सुगंधी मुळे बसवून त्यांची दालने उभारण्याची आणि त्यांवर पाणी शिंपून ऐन ग्रीष्मात हिवाळ्याचा गारवा निर्माण करण्याची रीत बादशहाच्या सूचनेवरून रूढ झाली, असे तो नमूद करतो. दरबारी वैभवाची ही वस्तू पुढे अंमलदारांच्या आणि हळूहळू सामान्य दफ्तरांच्या दारांपर्यंत आली. कामाच्या जागी वनस्पती आणली गेली ती अशी, शोभेसाठी नव्हे तर उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून, आणि झाडाच्या रूपात नव्हे तर त्याच्या मुळांच्या रूपात.

वाळा हे ओढ्यानाल्यांच्या आणि नद्यांच्या ओलसर काठांवर वाढणारे उंच गवत असून त्याची मुळे चिवट, तंतुमय आणि सुवासिक असतात. या मुळांची दारात लावण्याची चौकट म्हणजे ताटी. ती भिजवली म्हणजे मुळांच्या असंख्य तंतूंवरून पाणी बाष्प होऊन उडते, त्यासाठी लागणारी उष्णता ते आत येणाऱ्या हवेतून घेते आणि हवा थंड होते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन अधिक, म्हणून कोकणाच्या दमट हवेत ज्या ताटीचा फारसा उपयोग नाही, तीच ताटी वऱ्हाडात वैशाखातल्या दुपारी आपला पूर्ण गुण दाखवते. परंतु तिची एक अट आहे, ती अशी की पाणी सतत पडले पाहिजे. ताटी सुकली की ती केवळ वारा अडवणारी काटक्यांची भिंत उरते.

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. 1903 साली त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला आणि 1905 च्या फेररचनेत, पूर्वी वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा यवतमाळ या नावाने प्रसिद्ध झाला. या काळात जिल्ह्याच्या आणि तहसिलींच्या ठिकाणी ज्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्या जाड भिंतींच्या, उंच छतांच्या आणि ओसरीने वेढलेल्या अशाच धर्तीच्या असत. वाऱ्याच्या दिशेच्या दारांत ताट्या, छताला दोरीने हलणारा झालरीचा पंखा, आणि या दोहोंमागे माणसे: मशक पाठीवर घेऊन ताट्या भिजवणारा भिस्ती, दोरी ओढणारा पंखेवाला, आवारातील रोपांची निगा राखणारा माळी. शिरस्तेदाराने रुजू केलेल्या कागदांवर, साहेबाने लिहिलेल्या निकालांवर या माणसांची नावे कोठेही आढळत नाहीत. तथापि ज्या थंडाव्यात ते निकाल लिहिले गेले तो त्यांच्याच हातांनी निर्माण केला होता, ही गोष्ट इतिहास लिहिणाराने विसरता कामा नये.

याच सुमारास ओसरीवर कुंड्या आल्या. नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्याला 1829 साली झाकणबंद बाटलीत ठेवलेल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला, त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या तयार केल्या, आणि 1833 साली अशा पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. त्यानंतर जगातील उष्ण प्रदेशांच्या वनस्पती समुद्रमार्गे इकडून तिकडे जाऊ लागल्या. मोलुक्का बेटांचा क्रोटन, मादागास्करचा अरेका पाम, दक्षिण आफ्रिकेचा स्पायडर प्लांट, पॅसिफिकमधील मोरेआ बेटावरची मनीप्लांटची वेल, या सर्वांना हिंदुस्थानात कालांतराने घर मिळाले. कचेरीच्या आतल्या दालनात उन्हाळ्यात दारे-खिडक्या मिटलेल्या असल्यामुळे अंधार असे, म्हणून कुंड्यांची जागा ओसरीवर ठरली. तेथे डोक्यावर छप्पर, बाजूने उजेड आणि मुळाशी माळ्याच्या झारीचे पाणी. जी हिरवळ पूर्वी उपयोगाची होती ती आता इतमामाची झाली, आणि ओसरीवर ओळीने मांडलेल्या कुंड्या हुद्द्याचे निदर्शक ठरू लागल्या.

या हिरवळीकडे पाहताना त्याच काळी कचेरीच्या बाहेर काय चालले होते याचाही विचार केला पाहिजे. वनकायद्याने राखीव ठरवलेल्या रानातले गवत गुरांसाठी कापण्याला या जिल्ह्यातील शेतकऱ्याला मोकळीक नव्हती, आणि मूळचे वणीचे आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या रानात तेच गवत कापून कायदेभंग केला व अटक पत्करली. सरकारी ओसरीवर परदेशची झाडे पगारी माळ्याच्या पाण्यावर वाढत होती आणि आपल्या शिवारालगतचे गवत तोडणे हा गुन्हा ठरत होता. हिरव्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न यवतमाळने या रीतीने देशापुढे मांडला.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला निराळे वळण लागले. 1950 साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा उपक्रम सुरू केला आणि सरकारी आवारांत दर पावसाळ्यात रोपे लागू लागली. परंतु जुलैत लावलेले रोप एप्रिलात कोण जगवणार, हा प्रश्न अनेक ठिकाणी अनुत्तरित राहिला. विजेचे पंखे आले, पंख्याची दोरी गेली. नळ आले, भिस्ती गेला. आणि वाळ्याची ताटी दारातून निघून कूलरच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन बसली, जेथे भिस्त्याचे काम लहानसा पंप करतो. विदर्भात आजही उन्हाळा तोंडावर आला की कूलरच्या ताट्या बदलण्याची लगबग सुरू होते. माळ्याचे पद मात्र पुष्कळ कचेऱ्यांतून नाहीसे झाले आणि कुंडी अव्वल कारकुनाच्या मेजावर आली. मनीप्लांटची फांदी बाटलीत खोचून आणणारा कारकून ती कोणाच्या हुकमावरून आणत नाही, तिच्यासाठी किरकोळ खर्चात रक्कम मागत नाही. तिचे पाणी तोच बदलतो. या एका छोट्या घटनेत मला चार शतकांतला मोठा पालट दिसतो, कारण येथे हिरवळीचा उपभोग घेणारा आणि तिला पाणी घालणारा प्रथमच एक झाला.

अलीकडे अशा झाडांना हवा शुद्ध करण्याचे श्रेय देण्याची प्रथा पडली आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी वोल्व्हर्टन यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही झाडांनी बंद पेटीतील दूषित वायू कमी केले, हे खरे. पण 2019 साली कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांची छाननी करून दाखवले की, इमारतीत बाहेरच्या हवेच्या येण्याजाण्याने जी शुद्धी सहज होते तिची बरोबरी करण्यास जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 10 ते 1,000 झाडे लागतील. तेव्हा खिडकी उघडण्याचे काम झाडावर सोपवू नये. डोळ्यांना विसावा आणि कामात गुंतलेल्या मनाला एका जिवंत वस्तूची सोबत, एवढे झाडाने दिले तरी ते पुष्कळ आहे.

मग यवतमाळच्या कचेरीत झाड निवडावे कसे? प्रथम पाणी पाहावे. निळोणा आणि चापडोह या तलावांवर अवलंबून असलेल्या या शहराने 2018 ची टंचाई भोगली आहे, म्हणून जे झाड आठवडाभर तहान सोसू शकते तेच येथे शहाणपणाचे: स्नेक प्लांट, झीझी प्लांट, उजेडाच्या खिडकीत कोरफड. ही झाडे पाण्याअभावी क्वचितच मरतात, अतिपाण्याने मात्र हमखास कुजतात. म्हणून कुंडीच्या तळाला भोक असावे, बोटाने माती चाचपून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि श्रावण-भाद्रपदात हात आखडता घ्यावा. दुसरे, पाण्याचा गुण पाहावा. जिल्ह्याच्या अनेक गावांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. त्याने माणसाचे दात आणि हाडे बिघडतात हे दुःख मोठे आहेच, पण स्पायडर प्लांट आणि ड्रॅसिना यांच्या पानांची टोकेही अशा पाण्याने करपतात, आणि पाणी रात्रभर ठेवल्याने फ्लोराइड जात नाही. अशा ठिकाणी त्यांना साठवलेले पावसाचे पाणी द्यावे किंवा ती झाडे ठेवूच नयेत. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणीही कुंडीत ओतू नये, कारण बाष्प उडून गेल्यावर क्षार मागे राहून ते दाट झालेले असते. कूलरच्या थेट झोतातही कुंडी ठेवू नये. बाटलीतल्या मनीप्लांटचे पाणी आठवड्यातून एकदा बदलावे, बाटली आतून घासावी, अन्यथा डेंग्यू पसरवणारा डास तेथे अंडी घालतो. तिसरे, उजेड: मनीप्लांटच्या पानांवरील पिवळे पट्टे फिके पडू लागले की त्याला प्रकाश कमी पडतो आहे असे समजावे. आणि जिनिंग कारखान्याच्या कार्यालयात किंवा बाजार समितीत, जेथे हंगामात रुईचे बारीक तंतू आणि धूळ प्रत्येक वस्तूवर बसते, तेथे ओल्या फडक्याने पाने पुसणे ही टापटिपीची बाब नसून झाडाच्या जगण्याची गरज आहे.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगावयाची ती ही. भिस्ती आणि माळी ज्या दिवसांत होते त्या दिवसांत कुंडी आणण्याचा हुकूम पुरेसा होता. आज तो पुरेसा नाही. म्हणून उद्घाटनाच्या, बदलीच्या किंवा सत्काराच्या प्रसंगी कचेरीत रोप आणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास माझी विनंती आहे की, रोपाबरोबर एक नावही नेमून द्यावे, सुट्टीच्या दिवसांसाठी दुसरे नेमावे, आणि जेथे असे नाव पुढे येत नाही तेथे रोप आणू नये. ज्याला वैशाखात पाणी देण्याची आपली तयारी नाही, ते झाड आषाढात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.