डिफरेन्शियल तेल (आरसी बगी)

रेडिओ-नियंत्रित (आरसी) ऑफ-रोड बगीच्या डिफरेन्शियलमध्ये भरायचे सिलिकॉन तेल. वंगण हे त्याचे दुय्यम काम. दोन चाकांच्या किंवा दोन धुरांच्या गतींत पडणाऱ्या फरकाला विरोध करणे हे मुख्य काम, आणि तो विरोध किती हे तेलाच्या दाटपणावर (श्यानतेवर) ठरते. प्रस्तुत नोंद मुख्यतः १:८ प्रमाणातील, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या बगीविषयी आहे; तेलाची निवड सर्वांत गुंतागुंतीची होते ती याच वर्गात.

या बगीत तीन डिफरेन्शियल असतात. पुढचा आणि मागचा आपापल्या धुरेवरील डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटतो, तर मधला इंजिनाचा किंवा मोटरचा जोर पुढच्या व मागच्या धुरेत वाटतो. प्रत्येकाच्या बंद डब्यात बेव्हल गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, तेव्हा हे गिअर एकमेकांवर फिरून त्याला मोकळीक देतात. मात्र डबा नुसता मोकळा ठेवला तर जमिनीवरून उचललेले चाक गरगर फिरते आणि पकड असलेल्या चाकाला पुरेसा जोर पोहोचत नाही. डब्यात दाट तेल असले की गिअरच्या दात्यांना ते पिळत, कापत फिरावे लागते. गतींतला फरक वाढेल तसा हा विरोध वाढतो. फरक नसेल तेव्हा तेल जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून तेलाने जोराची वाटणी कायमची ठरवून टाकता येते, हा नवशिक्यांत रुजलेला समज चुकीचा आहे. तेल बोलते ते चाक घसरल्यावर, उचलल्यावर किंवा वळल्यावर.

दाटपणा सेंटिस्टोकमध्ये सांगतात. पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिस्टोक, तर १:८ बगीत ३,००० पासून १०,००० पर्यंतची तेले सर्रास वापरली जातात. यांतली दाट तेले बाटलीतून मधासारखी सावकाश ओघळतात. सेटअप लिहिताना शून्ये गाळून ‘५-७-३’ असे पुढचा, मधला, मागचा या क्रमाने लिहायची पद्धत आहे. शॉक अब्सॉर्बरच्या तेलासाठी ‘वेट’ हे वेगळे माप चालते आणि ते कंपनीगणिक बदलते. टीम असोसिएटेडच्या मापात ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक आणि ४० वेट म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीवर हेच आकडे असतील तर आत हेच तेल असेल असे धरू नये. डिफरेन्शियल तेलातही शक्यतो एकाच कंपनीचा संच ठेवावा.

आकड्यांतील अंतर वजाबाकीने न मोजता पटीने मोजावे. ३,००० वरून ५,००० वर गेल्यास चालकाला फरक लगेच कळतो. ५०,००० वरून ५२,००० वर गेल्यास कोणालाही कळणार नाही.

तिघांपैकी गाडीचा स्वभाव सर्वांत जास्त बदलतो तो मधला डिफरेन्शियल. थ्रॉटल दाबताच वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. मधले तेल पातळ असेल तर जोर या हलक्या चाकांकडे पळतो, ती वेडीवाकडी फिरतात आणि वेगामुळे टायर फुगतात. यात जोर थोडा वाया जातो, पण मागची बाजू शांत राहते. म्हणून निसरड्या किंवा खाचखळग्यांच्या ट्रॅकवर पातळ तेल उपयोगी पडते. दाट तेलाने दोन्ही धुरा एकमेकींना जखडल्यासारख्या चालतात. पकड चांगली असेल तर गाडी झेपावते, उड्यांआधी हवा तो जोर लगेच मिळतो. पण खडबडीत जागी ती अंगावर येते. विजेवर चालणाऱ्या बगीत मोटरचा जोर एकदम येत असल्याने मधले तेल सहसा अधिक दाट घेतात. तिच्यात ब्रेकही मोटरमार्फत, म्हणजे मधल्या डिफरेन्शियलमधूनच लागतो, त्यामुळे या तेलाचा परिणाम ब्रेकवरही होतो. इंजिनाच्या बगीत पुढच्या व मागच्या ब्रेकच्या डिस्क वेगळ्या असून त्यांचा तोल स्वतंत्रपणे लावता येतो.

पुढचे तेल पातळ केले की थ्रॉटल सोडून वळणात शिरताना गाडी चटकन वळते. दाट केले की शिरताना ती स्थिर राहते आणि बाहेर पडताना, थ्रॉटल दिल्यावर, पुढची चाके तिला ओढून नेतात. मागचे तेल बहुधा तिघांत सर्वांत पातळ असते. ते पातळ ठेवल्यास वळणाच्या मध्यावर मागची बाजू जमिनीला धरून राहते, पण बाहेर पडताना आतले चाक मोकळे फिरू शकते. दाट केल्यास पुढे रेटा चांगला मिळतो. मात्र मागची बाजू सुटली तर एकदम सुटते. याबाबत अनुभवी चालकांतही एकमत नसते, आणि त्याचे कारण बहुतेकदा टायर व माती यांत दडलेले असते. टायरची निवड चुकली असेल तर कोणतेही तेल ती भरून काढत नाही.

सिलिकॉन तेल निवडण्यामागे मोठे कारण तापमानाचे आहे. खनिज तेलाच्या मानाने ते उष्णतेने फार कमी पातळ होते. तरीही २५ अंश सेल्सिअसला असलेला दाटपणा ४० अंशांना सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो आणि ६० अंशांच्या आसपास निम्म्यावर येतो. लांब अंतिम शर्यतींत मधला डिफरेन्शियल चांगलाच तापतो आणि शेवटच्या फेऱ्यांत गाडी सुरुवातीसारखी वागत नाही. त्यामुळे सराव थंड सकाळी आणि शर्यत भर दुपारी असेल तर एक पायरी दाट तेल घेणे शहाणपणाचे.

तेल भरताना डबा काठोकाठ भरू नये. लहान गिअरच्या आडव्या पिना जेमतेम बुडतील इतके तेल घालून, बुडबुडे वर येईपर्यंत थांबून मग झाकण लावतात. काही जण प्रत्येक वेळी तेच प्रमाण राहावे म्हणून डबा वजनकाट्यावर ठेवून भरतात. ओ-रिंग झिजली की तेल हळूहळू गळते आणि गाडी नेमकी कशी बिघडली ते कळत नाही. सेटअप बिघडला म्हणून होणाऱ्या तक्रारींत ही गळती नेहमी सापडते. डबा उघडल्यावर तेल राखाडी किंवा काळे दिसले तर गिअरची झीज त्यात मिसळली आहे असे समजून ते बदलावे.

सर्व बग्यांत गिअरचा डिफरेन्शियल नसतो. सेसिल शूमाकर यांच्या, १९८० मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या कंपनीने आरसी गाड्यांसाठी बॉल डिफरेन्शियल आणला. त्यात गोळ्या व चकत्या यांतील घर्षण स्क्रूने कमी-जास्त करता येते, तेलाचा प्रश्नच येत नाही. १:१० प्रमाणातील, मागच्या दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या बगीत तो दीर्घकाळ प्रचलित राहिला. गालिच्यासारख्या जास्त पकडीच्या ट्रॅकवर मात्र तिथेही तेलाच्या गिअर डिफरेन्शियलला पसंती मिळते.

नव्या गाडीत उत्पादकाने दिलेल्या तेलांपासून सुरुवात करून एका वेळी एकच डिफरेन्शियल बदलावा, आणि तोही आधी मधला.